स्वच्छ सदरा

आदर्श नगर, जयपूर. मंगळवार, संध्याकाळ.

मी, दत्तात्रय विठ्ठल सुतार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, इयत्ता चौथी उत्तीर्ण, सुतारकामाच्या कारखान्याचा मालक, लिहून ठेवतो की, डॉक्टर म्हणाले, धूळ बंद करा अथवा कारखाना. म्हणून सुनेने आज दोन व्हॅक्यूम यंत्रे पाइपांनी करवतीला जोडली. भुसा थेट पिंपात गेला. कारखाना वाचला. सदरा मात्र स्वच्छच राहिला.

दिवंगत पत्नी यमुना मला पंच्याने झाडल्याखेरीज उंबरा ओलांडू देत नसे. आज सवयीने दारातच थांबलो. कशासाठी? सदरा तर स्वच्छ.

"बाबा, आत या ना!"

मी हललो नाही. सुनेने खिळ्यावरचा तोच पंचा काढून पाठीवर दोन फटके दिले.

"धूळ नाही, मतलब सुटलात असं समजू नका!"

हजर साक्षीदार: सून माधवी, आणि यमुना, असे मी मानतो.