मध्यंतरानंतर बाजू बदलतात

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. एरवी हे दोन शब्द मी खुर्चीत ऐसपैस बसून लिहितो आणि तुम्ही मोठ्या मनाने ते खरे मानून घेता. या वेळी मात्र एक अक्षरही खोटं नाही. मी जमिनीवर पालथा पडलो आहे, छातीखाली उशी आहे, नाकासमोर हा कागद आहे आणि बाकी सगळी अंगं सतरंजीला टेकलेली आहेत. पाठ धरली आहे. (काळजी नको. हाडांचे डॉक्टर म्हणाले की मोडलं काही नाही, फक्त वय झालंय. खेळाच्या मास्तरला असं तोंडावर म्हणणाऱ्या माणसाकडे मी पुन्हा जाणार नाही.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुडघे काय म्हणतात? तुम्ही पत्रात दोन्हींविषयी 'ठीक' एवढंच लिहिता, त्यावरून आम्ही काय समजायचं ते समजतो. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. आई आणि तुमच्या सूनबाई एकमेकींशी बोलायला लागल्या आहेत. मध्यंतरी बोलत नव्हत्या, हे तुम्हाला ठाऊक नसणार. तेही या पत्रात येईल.

पाठ कशी धरली हे सांगायचं तर शाळेतल्या ग्रंथाच्या भानगडीपासून सुरुवात करायला हवी. झालं असं की वरून एक आदेश आला. शाळेत आठवड्यातून एक तास धर्मग्रंथ शिकवावा की शिकवू नये, हे ज्या त्या शाळेने पालकांना विचारून ठरवावं. वरच्या लोकांना एखादी गोष्ट ठरवायची भीती वाटली की ते ती लोकांना विचारून ठरवायला सांगतात, हा माझा अनुभव आहे. आमच्या हेडबाईंनी तो कागद शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लावला आणि तासाभरात त्या खोलीचे दोन देश झाले. खिडकीकडचे ग्रंथाच्या बाजूचे, कपाटाकडचे विरोधातले. चहाची किटली दाराजवळ, म्हणजे कुणाच्याच हद्दीत नाही, त्यामुळे ती नुसतीच थंड व्हायला लागली.

शाळेत जे झालं तेच घरात. तुमची बहीण कशी आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. आईने पहिल्याच दिवशी जाहीर केलं की पोरांना ग्रंथ शिकवला नाही म्हणूनच ती बुटांचे बंद न सोडता बूट काढतात. सूनबाई गणिताच्या शिक्षिका, त्यांनी विचारलं की या दोन गोष्टींचा संबंध सिद्ध करून दाखवा. झालं. त्या दिवसापासून जेवताना आईला मीठ हवं असेल तर ती मला सांगायची, मी बायकोला सांगायचो, बायको मीठ मला द्यायची आणि मी आईला. आमचं टेबल एवढंसं आहे, मीठ दोघींच्याही हाताला लागतं. तुमची नात हे सगळं बघत जेवायची आणि शेवटी विचारायची, आज कोण जिंकलं?

तुम्ही म्हणाल, तू कुणाच्या बाजूने होतास? मामा, मी खेळाच्या तासाच्या बाजूने होतो. कारण या एवढ्या भांडणात दोन्ही देशांचं एका मुद्द्यावर पूर्ण एकमत होतं. ग्रंथाचा तास ठेवायचाच झाला तर वेळापत्रकातून कुठला तास काढायचा? गणिताला हात लावायचा नाही, भाषेला लावायचा नाही, शास्त्राला तर नाहीच. मग सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळायच्या. पोरं नाहीतरी मैदानावर नुसती धावतातच, असं एकजण म्हणाले. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात. माझ्या वाट्याला नेहमी तोटा येतो. आमच्या शाळेतली निम्मी पोरं एका खोलीच्या घरांतून येतात. हात पसरले की भिंत लागते. आठवड्यातून त्या एका तासात त्यांना कळतं की आपण किती जोरात धावू शकतो. तो तास गेला असता तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही. रात्री (बायको म्हणते) मी झोपेत शिट्टी वाजवायचो.

आणि याच माणसाला हेडबाईंनी पालकसभेचा अध्यक्ष केलं. कारण काय, तर मला कसलंच मत असेल असा कुणालाही संशय येत नव्हता.

सभा व्यायामशाळेत घेतली. जमिनीवर खेळाच्या रेघा आखलेल्या आहेत, मधली रेघ आयतीच होती. एका भिंतीवर 'ग्रंथाच्या बाजूने' अशी पाटी, समोरच्या भिंतीवर 'विरोधात'. बाजूने बोलणाऱ्यांचे पुढारी एक निवृत्त तिकीट तपासनीस. अजूनही कुणाशी बोलताना ते आधी समोरच्याच्या खिशाकडे बघतात. त्यांच्या मागे आई, पहिल्या बाकावर, पदर खोचून. विरोधकांचे पुढारी कोपऱ्यावरचे औषधवाले आणि त्यांच्या शेजारी आमच्या सूनबाई. गंमत अशी की बाजूने बसलेल्यांत तीन वेगवेगळ्या ग्रंथांची माणसं होती आणि प्रत्येकाची खात्री होती की ग्रंथ म्हणजे अर्थातच आपला. विरोधकांचंही तेच. देव नाही म्हणणारे, देव आहे पण शाळेत नाही म्हणणारे, आणि शाळेत आहे पण तो शेजाऱ्याचा असेल म्हणून नको म्हणणारे, असे सगळे एकाच बाकावर दाटीवाटीने बसले होते.

पहिला अर्धा वेळ काय सांगू! तपासनीस म्हणाले, ग्रंथाशिवाय पिढी बिघडली. औषधवाले म्हणाले, ग्रंथ वाचलेली पिढी कुठे सुधारली होती ते दाखवा, मी दुकानात फोटो लावतो. कुणीतरी कुणाच्या आजोबांविषयी बोललं. हेडबाई डोळे मिटून बसल्या होत्या. प्रार्थना करत होत्या की हिशेब, कळलं नाही. एवढ्यात ऊन उतरलं आणि पश्चिमेच्या खिडकीतून सरळ ग्रंथवाल्यांच्या डोळ्यांत शिरलं. पडदे धुवायला गेले होते. तिकडची सगळी माणसं डोळे बारीक करून, तोंडं वाकडी करून समोर बघायला लागली. विरोधकांना वाटलं आपल्याला वेडावतायत, म्हणून तेही वेडावायला लागले. आता मामा, वीस वर्षं मैदानावर काढलेला माणूस अशा वेळी काय करणार? घड्याळ बघितलं, अर्धा वेळ संपला होता. एका संघाच्या डोळ्यांवर ऊन होतं. मी शिट्टी मारली आणि ओरडलो, 'मध्यंतर! बाजू बदला!'

विचार केला नाही. हाताने शिट्टी मारली, तोंड आपोआप ओरडलं. पण शिट्टीचा एक गुण असतो, ती ऐकली की मोठी माणसंही उठतात. सगळे निमूटपणे मधली रेघ ओलांडून पलीकडे गेले. आई तेवढी उठली नाही. म्हणाली, मी हलणार नाही. तिला ऊन लागत होतं ते बघवेना, म्हणून मी आणि औषधवाले दोघांनी तिला बाकासकट उचलून पलीकडे नेलं. (माझी पाठ ही अशी धरली. आईचं वजन मी इथे लिहीत नाही, तीही पत्रं वाचते.)

सगळे स्थिरस्थावर झाल्यावर तपासनिसांच्या लक्षात आलं की आपल्या डोक्यावर आता 'विरोधात' अशी पाटी आहे. ते म्हणाले, पाट्या बदला. हेडबाई म्हणाल्या, भिंतीला नवा रंग आहे, पाटीला कुणी हात लावायचा नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला जो एकच नियम येतो तो मी सांगितला. बाजू बदलल्यावर गोलपोस्ट कुणी उचलून नेत नाही. ज्या पाटीखाली बसलात तिकडून खेळा.

गलका झाला. औषधवाले उठून जायला निघाले. आणि तेवढ्यात आई बोलायला लागली, बाकावरूनच. मला वाटलं आता माझी सालटी निघणार. पण हार मानायची नाही हा तुमच्या घराण्याचा गुण. पाटी कुठलीही असो, जिंकायचंच. ती म्हणाली की मी नातीला रोज ग्रंथातल्या चार ओळी सांगते. ती मधेच विचारते, असं का? मी रागावते. ती पुन्हा विचारते. मग मलाच विचार करावा लागतो. वर्गात साठ पोरं, कोण कुणाला विचारू देणार? पाठ करा, नाहीतर मार्क कापू. आणि ज्याचे मार्क कापले जातात त्या गोष्टीचा पोरांना जन्मभर राग येतो, गणिताचंच बघा ना. (हे ती सूनबाईंकडे बघून म्हणाली. एवढी संधी ती सोडणार नव्हती.)

सूनबाई उठल्या. टोमण्याला टोमणा येणार म्हणून मी डोळे मिटले. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या की मागे माझ्या वर्गातल्या एका मुलाने भागाकार चालू असताना विचारलं, बाई, माझे आजोबा वारले ते आता कुठे आहेत? मी म्हटलं, पुस्तक उघड. त्याने उघडलं. पुन्हा कधी काही विचारलं नाही. शाळेत असा एक तरी तास हवा, जिथे पुस्तक उघड म्हणण्याऐवजी त्या प्रश्नाजवळ थोडा वेळ बसता येईल. जुन्या ग्रंथांनी निदान तो प्रश्न टाळला नाही. एवढं बोलून त्या खाली बसल्या. आईने आपल्या बाजूची पाण्याची बाटली मधल्या रेघेपलीकडे सरकवली. थेट. माझ्यामार्फत नाही.

मग तपासनीस उभे राहिले. विरोधात बोलायचं म्हणून त्यांनी जोरात सुरुवात केली की उद्या शाळेने माझा ग्रंथ न घेता दुसऱ्याचाच घेतला, तर माझा नातू त्या तासाला कुठे बसणार? बाहेर व्हरांड्यात? एकटा? आणि मग ते थांबले. स्वतःच्याच बोलण्याने माणूस गप्प झालेला मी प्रथमच पाहिला. औषधवाले म्हणाले, नाही हो काका, कुणाचंच पोर बाहेर बसणार नाही.

पुढचं सगळं भराभर ठरलं. तास ठेवायचा. पण सगळ्यांच्या ग्रंथांचा, मार्क नाहीत, आणि पोरांनी वाटेल ते विचारायचं. शिकवणारा माणूस ग्रंथ जाणणारा हवा, पण ज्याला 'मला माहीत नाही' म्हणता येतं असा हवा, ही अट तर दोन्हीकडून एकदमच आली. हेडबाईंनी शनिवारच्या आपल्या उपदेशाचा तास देऊन टाकला. (पोरांना कळल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या. सुंठीवाचून खोकला गेला.) फक्त महिनाअखेरपर्यंत असा माणूस मिळाला नाही, तर सोय म्हणून तो तास खेळाच्या तासात घालायचा आणि तो मी घ्यायचा. म्हणजे फिरून माझ्याच मुळावर.

तपासनीस म्हणाले, असा माणूस जगात नाही. ग्रंथ जाणणारे माहीत नाही म्हणत नाहीत, आणि माहीत नाही म्हणणारे ग्रंथ उघडत नाहीत. तेव्हा आई उठून उभी राहिली, या वेळी आपणहून, आणि म्हणाली, माझा भाऊ आहे. आणि तुम्ही ग्रंथाचे वाचक होतात तेव्हाची ती गोष्ट तिने सांगितली. भरलेल्या प्रार्थनेच्या दालनात त्या बाईने तुम्हाला विचारलं होतं, माझं मूल का गेलं, आणि तुम्ही ग्रंथ मिटून म्हणालात, बाई, मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात तुमच्या जागी दुसरे वाचक बसले. मामा, ही गोष्ट आई इतकी वर्षं कपाळावर हात मारून सांगायची. त्या संध्याकाळी ती छाती काढून सांगत होती. औषधवाल्यांनी चष्मा पुसला.

मी लगेच उठून (म्हणजे कण्हत) सांगितलं की मामांनी चार माणसांत बोलणं कधीच सोडलंय, ते येणार नाहीत, त्यांना त्रास देऊ नका. तेव्हा हे पत्र केवळ माहितीसाठी. मागणं काहीही नाही. तुम्ही आपले निवांत राहा, खोकला सांभाळा.

तुमचा आडवा पडलेला
भाचा

ता. क. हेडबाईंनी तुमच्या नावाची सूचना फाटकावर लावली आहे. मी ती काढणार होतो, पण पाठ उठू देत नाही. शनिवारी सकाळी पहिला तास आहे. मुलांनी प्रश्न आत्तापासून लिहून ठेवलेत. काही फार वाईट आहेत.

ता. क. २. तुम्ही आला नाहीत तर पोरांचं मैदान जाईल, हे मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, दडपण नको म्हणून. आता लिहितो. मामा, या.

ता. क. ३. मामींशी फोनवर बोलणं झालंय. तुमची बॅग त्यांनी भरली आहे, पलंगाखाली बघा. त्यांनीच एक सांगितलं. दुपारी त्या झोपल्या असं समजून तुम्ही रोज ग्रंथ काढता आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचता. त्या झोपलेल्या नसतात. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं एकटीनेच ऐकलं, आता पोरांनाही ऐकू दे.