टाकीतलं समुद्री गवत

रामेश्वरजवळून, ९ जानेवारी १९५५

तीर्थरूप बाबांच्या पायांशी कलावतीचा नमस्कार. शालू, बाबांना हे सावकाश वाचून दाखव.

मी खुशाल आहे. दोन्ही वेळा पोटभर भात मिळतो.

इथल्या मासळी संशोधन केंद्रातलं माझं काम सांगते. समुद्राच्या तळाशी गवत उगवतं, त्याची रोपं आणून आम्ही काचेच्या टाकीत लावतो. मासळीची पिल्लं त्याच्या आडोशाला वाढतात, म्हणून ते लावायला शिकलंच पाहिजे. आवणीला आई भाताची रोपं लावायची, तशीच मी ती अंगठ्याने वाळूत दाबली. महिन्याभरात नवे कोंब आले.

मग आई गेल्याचं पत्र आलं. तिचा दहावाही उरकला होता. त्यानंतर टाकीतलं पाणी उन्हाने उतरलं, की मी समुद्राचंच पाणी ओतत राहिले, कोपरीच्या मिठागरात तुम्ही भरतीचं घेता तसं. सगळं गवत काळं पडून मेलं.

सर म्हणाले, "मिठागरावर वाढलात ना? गोडं पाणी घालायचं, एवढं सुचलं नाही?"

खरंच सुचलं नाही. "पानी उडून जातं गो, मीठ कुठं जातंय?" हे तर तुमचंच बोलणं.

काल नवी रोपं लावली. आता पाणी रोज जिभेवर घेऊन बघते.

माझ्या कामात खंड नको म्हणून तुम्ही आईचं दुखणं लपवलंत, हे कळतं मला. रागावले नाही. पण तुमचा खोकला कसा आहे? शालू, बाबा सांगतील ते लिहू नकोस. तुला दिसतं ते लिही.

तुमची लेक,
कलावती