नदीकाठी थांबलेलं बुजगावणं

अकोला,
९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. अनुपमास,
अ. उ. आ.

तुझ्या वाचन कट्ट्यातल्या मुलांविरुद्ध मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. त्यांनी पाठवलेल्या पाकिटाला एवढा डिंक होता की त्यात एखादं कपाट उभं राहिलं असतं. पट्टी, सुरी, वाफ, सगळं करून पाहिलं. शेवटी पाकीट उघडलं, ते आतल्या पत्रांसकट फाटून. वाचता आलं ते एवढंच : बुजगावण्याचं पुढं काय झालं? सोळा मुलं, प्रश्न एक.

मला माहीत नाही. मंजुषा गेल्याला तीन महिने झाले; तिची गोष्ट तिच्याबरोबर गेली, असं त्यांना सांग. फोन करू नकोस. हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला, तेव्हापासून तो कपाटात आहे.

बाकी ठीक. वरण रोज निराळ्या प्रकारे बिघडतं.

आहे तेवढा लोभ पुरे. वाढवलास तर सांभाळायला घरात माणूस नाही.

तुझा दादा


अमरावती,
१४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डिंकाचा गुन्हा रागिणीचा. सात वर्षांची आहे. पत्रं वाटेत सांडतील म्हणून तिनं अर्धी बाटली ओतली.

दादा, माझी मुलं पुस्तक घडाघडा वाचतात, पण पुस्तक मिटून गोष्ट सांगा म्हटलं की सतरंजीकडे बघत बसतात. त्यांना बोलतं केलं ते वहिनीनं. शनिवारी फोनवरून एक गोष्ट सांगायची, मग त्यांची एक ऐकायची. ऐकणाऱ्यानं मधूनमधून "हं" म्हणून हुंकारा द्यायचा, हा तिचा नियम. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली.

तेल्हाऱ्याच्या बाजाराला निघालेलं बुजगावणं तिनं पूर आलेल्या नदीकाठी आणून सोडलं, आणि पुढच्या शनिवारी फोन आलाच नाही. तेव्हापासून एकही मूल गोष्ट सांगत नाही. आधी तिची पुरी होऊ दे, म्हणतात. असंच चाललं तर कट्टा मोडेल.

शनिवारची गोष्ट ती तुला शुक्रवारी दुपारी ऐकवायची, हे मला ठाऊक आहे. शेवट तुझ्याकडे आहे. लिहून तरी पाठव.

लोभाचं माझं मी बघते, तू जेवत जा.

तुझी अनु


अकोला,
१९ नोव्हेंबर

चि. अनु,
अ. उ. आ.

त्या शुक्रवारी ती पलंगावर टेकून बुजगावण्याला नदी ओलांडायला लावत होती. मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. तिनं दोनदा विचारलं, ऐकून राहिले ना? मी मान हलवली. मान म्हणजे हुंकारा नव्हे. ती थांबली. मला वाटलं, डोळा लागला. संध्याकाळी दवाखान्यात नेलं. परत मी एकटाच आलो.

कोडं मात्र पूर्ण सुटलं. घडी करून ठेवलं आहे.

आता सोळा मुलांपुढे काय घेऊन उभा राहू?

दादा


अमरावती,
२४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मोकळ्या हातानं ये. गोष्ट अर्धी का राहिली, ते मी मुलांना खरं सांगितलं. रागावू नकोस. मग रागिणी म्हणाली, मंग मी सांगीन, पण हुंकारा तुमच्या दादालेच द्या लागीन.

शनिवारी चार वाजता. वाट बघते.

अनु


अकोला,
२ डिसेंबर

चि. अनुस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. एसटीत खिडकी मिळाली, त्यामुळे तक्रारीला वाव नाही.

तू पोह्यांसाठी आत गेलीस आणि शेवट तुझा हुकला, म्हणून लिहितो. रागिणीनं बुजगावण्याला नदी ओलांडूच दिली नाही. ते काठावर रडत बसलं. डोळे कोळशाचे, म्हणून पाणी काळं आलं. हं. मग त्यानं मागं वळून पाह्यलं, त सारं वावर तुरीसकट त्याच्या मागं मागं चालत आलं होतं. हं. वावर म्हणालं, चाल ना बापा घरी, तुह्याबिगर पाखरं बी येऊन नाही राहिले.

पुढच्या शनिवारी येतो. गोष्ट सांगायला नागसेननं नंबर लावला आहे. लोभ वाढवायचा असेल तर आता हरकत नाही.

तुझा दादा

ता. क. गोष्ट संपल्यावर मी आणखी एकदा हं म्हणालो. रागिणीनं डोळे वटारले. गोष्ट त संपली, आता काहून हं म्हनता, म्हणाली. मी तिला सांगितलं, हा मागचा राहिला होता.