ट्रामची डावी खिडकी

१४ ऑगस्ट
लग्नाला चाळीस वर्षं होतील. वृंदाने कधी काही मागितलं नाही. आज मागितलं. स्पेनच्या मायोर्का बेटावर सोयेर नावाचं गाव आहे, तिथली जुनी लाकडी ट्राम. संत्र्यांच्या बागांमधून निघते आणि समुद्राच्या कडेकडेने बंदरापर्यंत जाते. मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. माझी पहिली शंका: हे हिला कोणी दाखवलं?
तिचं म्हणणं एवढंच की ट्राममध्ये तुम्ही माझ्या शेजारी बसायचं, मग समुद्रावर शेजारी बसायचं, आणि दोन्हीकडे गप्प बसायचं. शेवटची अट संशयास्पद आहे.

२० ऑगस्ट
उल्हासनगर. टूरवाल्या सनीचं ऑफिस. चहा दिला, वर पापड दिला. एवढा पाहुणचार कशासाठी? सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली माझी, पापडाने विरघळणारा माणूस नव्हे मी. ट्राम खरंच जुनी आहे का विचारलं. सनी म्हणाला, अंकल, बिनधास्त रहा, मी खुद ग्रुपबरोबर येतोय ना. खुद येतोय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.
येताना फर्निचर बाजारातून आलो. एक पोरगा नवंकोरं टेबल घासून घासून जुनं करत होता. ठरवलं: ट्राममध्ये चढल्यावर लाकूड नखाने खरवडून बघायचं.

२ सप्टेंबर
व्हिडिओंचा कसून अभ्यास. निष्कर्ष: समुद्र डावीकडे. डावी खिडकी मिळाली तर ट्रिप वसूल, नाहीतर फुकट. ग्रुपमध्ये ही गोष्ट फुटता कामा नये. वृंदाला विश्वासात घेतलं. ती म्हणाली, समुद्र कुठे पळून जातोय का. हिला परिस्थितीचं गांभीर्य नाही.

९ सप्टेंबर
ग्रुपची मीटिंग. अंबरनाथचे एक प्रमोद नावाचे गृहस्थ. बँकेतून रिटायर, गळ्यात कॅमेरा, सारखे हसतात. विनाकारण हसणाऱ्या माणसापासून मी लांब राहतो. त्यांनी विचारलं, समुद्र कुठल्या साईडला येतो हो? एवढ्या लोकांत मलाच का विचारलं? म्हणालो, उजवीकडे. त्यांनी आभार मानले. जरा जास्तच मानले.

२१ सप्टेंबर
रंगीत तालीम. आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून रिक्षा केली, थेट बारवी धरण. मी डावीकडे बसलो, वृंदा उजवीकडे. जाताना पाणी बरोबर डाव्या हाताला. पद्धत सिद्ध झाली. येतानाही डावीकडेच बसलो, पण पाणी दिसलंच नाही. वृंदाला तिच्या बाजूने दिसलं म्हणे. रिक्षावाल्याने रस्ता बदलला असणार. उतरताना त्याला तसं सुनावलं. तो म्हणाला, काका, इथे रस्ताच एक आहे. उत्तर तयारच होतं त्याच्याकडे.

३० सप्टेंबर
बॅग भरली. रुमाल भरपूर घेतले. सगळ्यांच्या कोपऱ्यात वृंदाने माझ्या नावाचा ‘वि’ भरलाय, म्हणजे कोणी दावा सांगायला नको.
मनात आणखी एक हुकमाचं पान आहे. नोकरीत असताना आम्ही अंबरनाथला राहायचो. मुंबईला जायचं तर मी लोकलने आधी उलटा बदलापूरला जायचो. तिथे सगळे उतरले तरी आपण उतरायचं नाही, बसून राहायचं. तीच गाडी परत फिरते आणि जागा आपली. याला रिटर्न करणं म्हणतात. स्पेनच्या लोकांना हे माहीत असणं शक्य नाही.

७ ऑक्टोबर, सोयेर, सकाळ
ट्राममध्ये चढलो. आधी लाकूड तपासलं. लाकूड खरं निघालं. नख तुटलं.
तेवढ्यात वृंदाने डाव्या खिडकीच्या दोन जागा पकडल्या होत्या, माझ्या जागेवर रुमालही टाकला होता. मला धक्काच बसला. एवढ्या गर्दीत समुद्राकडच्या जागा रिकाम्या कशा? सीट ओली असणार, नाहीतर मोडकी. तिला उठवलं. लगेच एक गोरं जोडपं तिथे बसलं. बंदर येईपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. त्यांना काहीही झालं नाही.
आम्हाला उजवीकडे जागा मिळाली, तीही मागेपुढे. वृंदा गप्प होती. तशी तिचीच अट होती म्हणा.

७ ऑक्टोबर, दुपार, ट्राममधून
बंदरावर सगळे उतरले. सनीने सांगितलं की दुपार आपलीच आहे, समुद्रावर आरामात बसा. मी हुकमाचं पान काढलं. वृंदाला म्हटलं, मी रिटर्न करतो. परतीच्या दोन डाव्या जागा धरून ठेवतो, तू जरा पाणी बघून ये. ती म्हणाली, इथेसुद्धा? एक रुमाल मागून घेतला आणि गेली. रुमाल कशाला हवा होता, कळलं नाही.
मी डाव्या खिडकीत बसलो, शेजारी रुमाल टाकला. ट्राम निघाली. वृंदा आलीच नाही. खिडकीतून हॉटेलांच्या भिंती, वाळत घातलेले टॉवेल, एक झोपलेलं कुत्रं. समुद्र बेपत्ता.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
गावात पोचलो. जागा सोडण्याचा प्रश्नच नव्हता. ट्राम न वळता तशीच उलटी निघाली, मी त्याच जागेवर बसून पुन्हा बंदरावर. तेच टॉवेल, तेच कुत्रं. कंडक्टर दर खेपेला हसून नवं तिकीट देतो. प्रमोदसारखाच हसतो.
बंदरावर वृंदा दिसेना. उतरून शोधावी तर जागा जाईल. मेसेज केला: लवकर ये, जागा धरली आहे. तिचं उत्तर आलं: मीपण. म्हणजे काय? कोणाची जागा? कुठे?
ट्राम पुन्हा निघाली.

७ ऑक्टोबर, संध्याकाळ
शेवटी ग्रुप चढला. वृंदा येऊन रुमालावरच बसली. प्रमोद उजवीकडे बसले आणि वाटभर समुद्राचे फोटो काढत राहिले. सूर्य तिकडेच बुडाला. उतरताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, विष्णुपंत, उजवीकडचं तुम्ही सांगितलंत म्हणून! हा माणूस दिसतो त्याहून पोचलेला आहे.

१९ ऑक्टोबर, बदलापूर
प्रमोदनी ग्रुपवर फोटो टाकले. एकात बंदरावरचा बाक, समोर निळा समुद्र, वृंदा पाठमोरी. शेजारी जागा रिकामी आणि तिथे काहीतरी पांढरं. मोठं करून पाहिलं. रुमाल. वाऱ्याने उडू नये म्हणून वर तिची चप्पल ठेवलेली.
तर मग जागा धरली होती! कोणासाठी? फोटो प्रमोदनी काढलाय, हेही लक्षात घेतलं. वृंदाला सरळ विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, प्रमोदभाऊ बसायला आले तर त्यांनासुद्धा नाही म्हटलं मी. इथे आमचे हे येणार आहेत म्हटलं. ट्राम आली की मी मान वळवून बघत होते. शेवटी एक म्हातारी बाई उभी होती, तिला दिली जागा.
एवढं सांगून पुन्हा भाजी निवडायला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.
पुन्हा फोटो पाहिला. रुमालाच्या कोपऱ्यात ‘वि’ आहे. फार वाईट वाटलं.

२० ऑक्टोबर, संध्याकाळ
गॅलरीत दोन खुर्च्या लावल्या. एकीवर मी बसलो, दुसरीवर रुमाल टाकला. समोर पलीकडच्या बिल्डिंगची टाकी दिसते. गप्प बसायचं ठरवलंय.
वृंदा खालच्या कौसाबाईंकडे गेली आहे, आत्ता येते म्हणाली होती. लिफ्ट वर आली की मान वळवून बघतो.
अजून आली नाही. डास आले.