माझ्या मुलाला पापी समजण्याबाबत

प्रति,
आदरणीय फादर युजीन मर्टा,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती,
सेंट कॉलरन प्राथमिक शाळा,
क्लूनबार, काउंटी रॉसकॉमन.

विषय : फिन्टन टॅन्सी, इयत्ता दुसरी, यास पापी समजून येत्या गुरुवारी प्रथम पापनिवेदनाच्या रांगेत उभे करण्याबाबत.

संदर्भ : 'ख्रिस्ताच्या घरी सर्वांना जागा' समितीचे पत्र व त्यासोबत आलेला पिवळा पट्टा.

महोदय,

मी खाली सही करणारी डर्व्हला टॅन्सी, फिन्टनची आई, राहणार गुरांच्या बाजारामागे, आपणांस पुढील हकीगत सादर करते.

१. वरील पत्रान्वये मला कळविण्यात आले आहे की, गुरुवारी दुसरीची सर्व मुले चर्चमध्ये एकेक करून आपल्यापाशी येऊन केलेली पापे सांगतील, म्हणजे पापनिवेदन करतील. फिन्टन मात्र 'स्वागतदूत' असे लिहिलेला पिवळा पट्टा खांद्यावरून घालून बाजूला उभा राहील व पापमुक्त होऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती देईल. कारण असे नमूद आहे : 'फिन्टन हा आपल्या शाळेचा देवदूत असल्याने त्यास पापनिवेदनाची आवश्यकता नाही.' या विधानास माझी हरकत आहे. आठ वर्षे मी त्याच्यासोबत राहते.

२. मी कृतघ्न नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाला आपल्या शाळेने आनंदाने घेतले, मदतनीस बाई दिल्या. नाताळच्या नाटकात तो तारा झाला तेव्हा मी पहिल्या बाकावर बसून ढसाढसा रडले. पुढल्या वर्षीही तोच तारा झाला. शाळेच्या प्रत्येक फोटोत तो मधोमध असतो, प्रत्येक मिरवणुकीत सर्वांत पुढे असतो. त्याला मेंढपाळांच्या घोळक्यात मागे उभे राहून शेजारच्याला चिमटे काढायचे आहेत, हे कुणी जाणून घेतलेच नाही. आता भीक नको पण कुत्रे आवर, अशी माझी गत झाली आहे.

३. तो पापी असल्याचे पुरावे देणे आईला शोभत नाही, हे मी जाणते. तरी नाइलाजाने देते.

(अ) उपवासकाळात त्याचे आजोबा चॉकलेट सोडतात व ईस्टरसाठी एक वडी कपाटात जपून ठेवतात. ती फिन्टनने खाल्ली. इतकेच असते तर मी अर्जात लिहिले नसते. त्याने कागद नेऊन कुत्र्याच्या गादीखाली ठेवला, आणि 'वाईट कुत्रा!' असे त्याला दटावलेही. ज्याला एवढे रचता येते त्याला बरेवाईट कळत नाही, असे समितीने कोणत्या आधारावर ठरवले?

(ब) संत ब्रिजिटच्या सणाला मुलांनी लव्हाळ्याचे क्रॉस विणले. किलियन बर्नचा क्रॉस फिन्टनच्या क्रॉसपेक्षा देखणा झाला. फिन्टनने तो बुटाखाली चिरडला. बाईंनी विचारल्यावर त्याने क्लोडा टाय हिच्याकडे बोट दाखवले. क्लोडा बिचारी ओरडून सांगत होती, "बाई, त्यानंच केलं! मी बघितलं!" त्यावर तिलाच ऐकवण्यात आले, "लाज नाही वाटत, त्याच्यावर ढकलतेस ते? त्याला काय कळतंय?" आणि मधल्या सुट्टीत ती वर्गात बसली. तेव्हापासून क्लोडा त्याच्याशी खेळत नाही. शाळेत त्याला घरी बोलावणारी ती एकटीच होती. देवदूतपणाची शिक्षा भलतीच पोर भोगते आहे, आणि माझ्या मुलाची एकुलती मैत्रीणही गेली आहे.

४. याबाबत मी पत्र पाठवणाऱ्या समितीच्या श्रीमती फिलोमिना हेस्टर यांना भेटले. त्या म्हणाल्या, "अगं डर्व्हला, नशीबवान आहेस! माझी चारही कार्टी नरकात जायच्या लायकीची, आणि तुझ्या पदरात देवानं संत घातलाय." मी म्हटले, "मग आपण अदलाबदल करू." त्यांना राग आला. दोन दिवसांनी समितीचा तोडगा आला : फिन्टनला पट्ट्याबरोबर पांढरे पंखही देण्यात येतील.

मग मी आपणांस रविवारची मिस्सा-प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या दारात गाठले. आपण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "लेकरू आहे गं ते. त्याला मी काय प्रायश्चित्त देऊ?" मी म्हणाले, "सगळ्यांना देता तेच. तीनदा नमो मरियाची प्रार्थना." आपण हसलात. मागे रांगेत निम्मे गाव उभे होते, आणि त्या सगळ्यांसमोर मी पोटच्या पोराला पापी ठरवण्यासाठी गळा काढत होते. मला लाज वाटली, फादर, आणि घरी जाईपर्यंत संतापही आला.

५. फिन्टनची अवस्था सांगते. तो एका जागी बसत नाही. स्वयंपाकघरात खुर्च्या ओळीने मांडतो, शेवटच्या खुर्चीवर आजोबांना बसवतो, त्यांच्या गळ्यात आपल्या उपरण्यासारखा टॉवेल घालतो आणि रांगेत उभा राहतो. पाळी आली की आजोबांकडे बघून म्हणतो, "तुम्ही खोटे फादर," आणि पुन्हा रांगेच्या टोकाला जातो. क्लोडाच्या घरासमोरून जाताना तो रस्ता ओलांडून पलीकडे होतो. पंख नेमके कशासाठी, हे मला त्याला समजावता आले नाही.

६. सबब विनंती की, फिन्टनला हजेरीच्या क्रमाने, म्हणजे सुईनी आडनावाच्या विद्यार्थ्याच्या मागे आणि क्लोडा टायच्या पुढे उभे करावे. त्याने गडबड केल्यास इतरांना दटावता तसे दटावावे. त्याला इतरांइतकेच प्रायश्चित्त द्यावे, कमी नको. त्याचे बोलणे लवकर उमजत नाही, म्हणून आपणांस थोडा वेळ थांबावे लागेल. सर्वांना जागा देणे म्हणजे एवढे थांबणे, असे मला वाटते. मेणबत्त्या श्रीमती हेस्टर देऊ शकतील. पट्टा परत केला आहे.

७. अखेरची एक बाब. काल मी त्याला विचारले, "फादरना काय सांगणार आहेस? चॉकलेटचं?" नाही म्हणाला. "क्रॉसचं?" "ते तू सांगितलंस ना सगळ्यांना," म्हणाला. "मग काय?" त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. "तुला नाही. फक्त फादरना. फादर कुणाला सांगत नाहीत."

महोदय, जन्मल्यापासून या मुलाचे सगळे काही दुसऱ्यांनी लिहून ठेवले आहे. तो काय खातो, किती शब्द बोलतो, शौचास कधी जातो, सारे डॉक्टरांना, बाईंना आणि मला माहीत असते. आज प्रथमच त्याच्यापाशी असे काही आहे जे मला ठाऊक नाही. ते आपण ऐकून घ्यावे, आणि मी कितीही खोदून विचारले तरी मला सांगू नये.

आपल्या धर्मग्रामातील एका पापी मुलाची आई,

डर्व्हला टॅन्सी
क्लूनबार, उपवासकाळाचा चौथा सोमवार