सरांचा फोटो कुठं लावायचा

कोल्हापूर,
३ ऑगस्ट २००३

ती. चंदना आत्तीस,
सोनलचा सा. न. वि. वि.

काल विद्यापीठात माझं सादरीकरण पडलं. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी का सुटतं, हे माझं संशोधन. पण पडद्यावर आधी मार्गदर्शक सरांचा फोटो, मग त्यांची परदेशवारी, मग उसाचा इतिहास. गूळ यायच्या आत वेळ संपली. क्रम सरांनीच लावून दिलेला.

आता महिन्यानं शेवटची संधी. पडले तर बाबा जयसिंगपूरच्या स्थळाला होकार देणार. मुलगा कसा हाय विचारलं, तर म्हणाले दुकान मोठं हाय.

तुझ्या मायेतली,
सोनल

नांदणी,
८ ऑगस्ट

चि. सोनलला आशीर्वाद आणि एक चापट.

व्हय गं, तू गूळ दाखवाय गेलतीस की सरांना? आपल्यातली लग्नं आठव की. माणसं अक्षता धरून ताटकळत्यात आणि माईकवाला चेअरमन-सरपंचांची नावं वाचत बसतोय. नवरी दिसायच्या आत निम्मी पंगतीला पळत्यात. तुझी नवरी तशीच आत राहिली.

आधी सांग, ढेपेला पाणी सुटतंय. मग का सुटतंय हे बघाय काय केलंस. मग काय घावलं. मग काय जमलं न्हाय. सरांचा फोटो काढू नको, माणूस रुसतंय. मागं कुठंतरी सरकव. मी बी सासऱ्यांचा फोटो माळ्यावर सरकवलाय, घरात शांतता हाय.

आणि दुकानच आवडलं असंल तर तुझ्या बापालाच बोहल्यावर चढ म्हणावं. मी करवली हुते.

माया पातळ करू नको.
आत्ती

कोल्हापूर,
६ सप्टेंबर

ती. आत्तीस सा. न. वि. वि.

पास झाले. गरम ढेप बांधली की पाणी सुटतं, हे समितीला लगेच कळलं. पण घोळ झाला. 'संशोधनातल्या अडचणी' ही पाटी पडद्यावर आली आणि तिच्या पाठोपाठ सरांचा फोटो. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, मांडणी तर्काला धरून आहे.

सर आता बोलत न्हाईत. पुढच्या कागदावर सही त्यांचीच लागते. ती न्हाय मिळाली तर पीएच.डी.ची नोंदणी जाईल, आणि स्थळ अजून थांबलंय.

तुझीच,
सोनल

नांदणी,
११ सप्टेंबर

चि. सोनलला पोटभर आशीर्वाद.

रविवारी सरांना हिकडं घेऊन ये. दूध संस्थेत त्यांचा सत्कार ठेवलाय. बोलणार मीच. आधी सरांचं नाव, मग गाव, मग फोटो, मग परत नाव. गूळ कुठंच येणार न्हाय.

मग फेटा. बांधणाऱ्या जोतीरामला सांगून ठेवलंय, सावकाश बांध. फेटा बांधताना माणसाला न्हाय म्हणून मान हलवता येत न्हाय. कागद तवाच पुढं कर.

लोभ हाय तसाच राहू दे, आणि पेन चालणारं आण.

आत्ती