गावपळणीची गाडी

२८ नोव्हेंबर
देवाचा कौल मिळाला. सहा तारखेला गावपळण. माणूस, गुरं, कोंबडं काही मागे ठेवायचं नाही. देवळातली पहाटेची नौबत थांबायच्या आत शीव ओलांडायची. मग तीन रात्री गाव आपला नाही, गेलेल्या माणसांचा.
आये (सासूबाई) भाद्रपदापासून अंथरुणावर, डावं अंग गेलेलं. रिक्षात बसवणार कशी? आमच्या जुन्या व्हॅनची मागची सीट काढून गादी घालायची ठरलं. आणि व्हॅन आज सकाळी परत उठली नाही. ह्यांचं आपलं एकच, "थंडी पडली मा. उन्हा वर इली की सुरू जातली." होते खरी, नऊला. नौबत काय नऊपर्यंत थांबणार?

३० नोव्हें.
इब्राहिम मेस्त्री कसालहून आला. चोकची तार अडकलेली, ती बदलली (खर्च गाडीखाती लिहिला). पण कार्ब्युरेटरातला फ्लोट चिकटतो, पेट्रोल जास्त सुटतं. तो भाग जुन्या गाडीचा, मिळायला पंधरा दिवस.
"काकांनू, चोक ओढल्यार अ‍ॅक्सिलेटरवर पाय मारू नका. प्लग भिजतले."
हे म्हणाले, "चाळीस वर्सां गाडी चालवतंय मी."
"गाडी पण तितकीच म्हातारी. सासवेसारखी, हाका मारल्यार उठाची नाय." आये आतून हसली. किती दिवसांनी.

२ डिसें.
सकाळी चोक. दोनदा खोकली, बंद. ह्यांनी पाय मारलेच. पेट्रोलचा वास ओटीपर्यंत.
आयेला म्हटलं, आदल्या दुपारी गाडी गरम असताना नेते, भाचीकडे खाडीपलीकडे राहा. नाही म्हणजे नाही. "घरातली थोरली शेवटाक भायर पडता. माझ्या सासवेन कडी लावली, मी लावतलंय." उजव्या हाताने लावेन म्हणते. रीत आहे.

४ डिसें.
ह्यांनी नवीनच काढलं. आयेच्या सांध्यांना मी शेगडीचा शेक देते, तसाच गाडीला द्यायचा. करवंटीचे निखारे शेगडीत घालून इंजिनाखाली सरकवले. "म्हाताऱ्यांका शेक लागता." वर पेट्रोल गळतंय! हंडाभर पाणी ओतलं मी. शेगडी तडकली. हे फणफणत माडाखाली जाऊन बसले. मी रामरक्षा दोनदा म्हटली.

५ डिसें.
वाडी बांधाबांध करते आहे. शेजारचा टेम्पो गुरं-चुलींनी भरलेला, तरी विचारलं. "वयनी, जागा आसती तर..." समजले. इंजिनावर गोधडी घालून ठेवली. देवा, उद्या एकदाच.

६ डिसें., गाडीत बसून
आयेला गादीवर घेतलं. तिने कडी लावली, हात मी धरला. वाडी कधीच गेली.
चावी. खोकली. हे घाबरले आणि पाय मारत सुटले. मग नुसती घरघर. नौबत थांबली तेव्हा आम्ही आमच्याच अंगणात.
मेस्त्रीला फोन लागला. म्हणाला, चोक आत ढकला, प्लग काढून पुसा, सुकवा, मग एकाच दमात पाय खालपर्यंत दाबून चावी मारा. हे बॉनेटमध्ये वाकलेत, चावी माझ्याकडे. प्लग सुकेपर्यंत लिहिते.
दिरांना फोन केला, ते पहाटेच मोटारसायकलीने पुढे गेलेले. शिवेपलीकडे उभे आहेत सगळे. "आत येवक गावाची बंदी आसा, वयनी. तुमी कशीय करून भायर येवा." रडत होते.
आये म्हणाली, "माका हयच ठेवा. तुमी चलत जावा." मी गप्प बस म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.
कोंबडा नाही, कुत्रं नाही. माडाचं झावळ हलत नाही.
हे म्हणतात, "बसवलंय प्लग. मार चावी."
आये अंगणापुढच्या पाणंदीकडे बघते आहे. "इले गो?"
"कोण, आये?"
चांगल्या हाताने पदर डोक्यावर ओढून घेतला, मामंजी होते तेव्हा, ते घरात आले की ओढायची तसा. पाणंदीत कुणी नाही.
हे परत ओरडतायत, चावी मार